छापील वेळ

काल सकाळी साडेदहाच्या सुमाराला माझा थोरला भाऊ दोन किलोमीटरने जवळ आला. तो स्वतः जागचा हलला नव्हता. त्याच्या शहरात तेव्हा सहा वाजले असतील, आणि सहाला उठणाऱ्यांतला तो कधीच नव्हता. मीही माझ्या नेहमीच्या खुर्चीत होतो, डाव्या बाजूचं चाक अडकणाऱ्या. समोर पडद्यावर तिकडचा विमानतळ ते इकडचा विमानतळ हे अंतर उघडलं होतं, आणि जिथे गेली सतरा वर्षं सात हजार दोनशे चौदा असायचं तिथे सात हजार दोनशे बारा होतं. मी चष्मा पुसला. आकडा तोच राहिला. लोकांना घरच्यांचे वाढदिवस पाठ असतात, मला हे एक अंतर पाठ आहे. नवी बॅग घेतली तेव्हा कुलपाचा नंबर ठरवायची वेळ आली आणि हातानं मला न विचारताच सात-दोन-एक-चार फिरवून टाकलं. पलीकडच्या टेबलावर बसणाऱ्या बाई नकाशांचं बघतात, त्यांना आम्ही नकाशेबाईच म्हणतो. त्यांना मी हाक मारली. त्या आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. तिकडे नवी धावपट्टी झाली ना. विमानतळाचा मधला बिंदू सगळ्या धावपट्ट्यांवरून काढतात. पट्टी वाढली, बिंदू सरकला." मी म्हटलं, "मग आधीचं चुकीचं होतं का?" "अहो, आधीचं तेव्हा बरोबर होतं, आताचं आता बरोबर आहे," असं म्हणून त्या आपल्या चहाकडे गेल्या. मी मात्र तिथेच अडकलो. ज्या दिवशी बाबा गेले त्या दिवसाचा सगळा हिशेब मी सात हजार दोनशे चौदावर मांडून ठेवला होता, आणि दोन किलोमीटरने त्यात काही म्हणजे काही फरक पडत नाही हे कळत असूनही मला वाटायला लागलं की तो आता पहिल्यापासून मांडावा लागणार.

माझं काम सांगायला गेलं की लोक जांभया देतात, म्हणून थोडक्यात सांगतो. तिकिटावर विमान निघायची आणि पोचायची वेळ छापलेली असते, त्यातली पोचायची वेळ मी ठरवतो. दादाच्या शहरातून इकडे यायला दार बंद झाल्यापासून दार उघडेपर्यंत आठ तास पन्नास मिनिटं लागतात. मी छापतो नऊ तास चाळीस. वरची पन्नास मिनिटं पदराला गाठ मारून ठेवलेली असतात. धुकं पडलं, रांग लागली, एखादा प्रवासी अत्तराच्या दुकानात रमला, तरी विमान वेळेवर. यातलं काही झालं नाही तर विमान वेळेआधी. दोन्हीकडून कंपनीची मान ताठ. सगळेच असं करतात, यात लबाडी नाही, असं आमचे साहेब म्हणतात, आणि ते इतक्या वेळा म्हणतात की मला शंका येते. उलट जाताना वारा समोरून असतो, म्हणून अंतर तेच आणि वेळ दहा तास पंचवीस. हे मी एकदा दादाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे घरी यायला सोपं आणि परत जायला जड. हे कळायला विमान कंपनी कशाला लागते रे, फूटपट्टी? माहेरी आलेल्या कुठल्याही बाईला विचार." फूटपट्टी हे माझं नाव त्यानंच ठेवलेलं. लहानपणी मी घरातलं सगळं मोजत असे, पलंग, दारं, झोपलेल्या बाबांचे पाय. आईचं मोजमाप वेगळंच. दादा तिकडे गेला तेव्हा तिनं मला विचारलं होतं, "किती लांब आहे रे ते?" मी आकडा सांगितला. ती म्हणाली, "तसं नको. मध्ये जेवणं किती होतात?" मी म्हटलं, दोन, त्यातलं एक नुसता नाश्ता. "मग फार नाही," असं म्हणून ती कपड्यांच्या घड्या घालायला लागली, आणि तिच्यापुरता तो विषय संपला.

आता त्या दोन जेवणांच्या पलीकडे तीच निघाली आहे. दादा नोकरीतून मोकळा झाला आणि त्यानं आईला फोन केला, मला नव्हे. "आता माझ्याकडे ये." आई हो म्हणाली, आणि मला रात्रीच्या जेवणात, मीठ मागावं तशा आवाजात सांगितलं. "त्याच्याकडे कधी राहिलेच नाही. राहून बघते." मी लग्न केलं नाही. आई आणि मी, दोन खोल्या, गॅलरीत एक वाळत घातलेली चादर, असं आमचं बरं चाललं होतं, निदान मला तसं वाटत होतं. दादा अकरा वर्षांनी येणार, आठ दिवस राहणार आणि तिला घेऊन जाणार. तिचं तिकीट मी बघितलं, एकेरी आहे. मग माझ्या डोक्यात किडा शिरला तो असा, की पुढच्या वेळी, आईच्या वेळी, फोन मला येईल. मी विमानात बसेन, वारा समोरून असेल, दहा तास पंचवीस, आणि तिकडे कुणीतरी दादाला विचारेल, धाकटा कधी पोचतोय? मग दादा काय सांगेल? त्यानं काय सांगावं असं मला वाटतं? आणि तसं वाटायचा मला काय अधिकार आहे? हे प्रश्न मी स्वतःला दाढी करताना विचारतो आणि गालावर कापून घेतो.

त्या दिवसाचं एकदा नीट सांगायलाच हवं. अकरा वर्षांपूर्वी बाबा पहाटेच्या आधी गेले. आदल्या संध्याकाळीच डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून दादाला कळवलं होतं आणि तो मिळेल त्या विमानात बसला होता, त्याला मधल्या मध्ये काही कळायचा प्रश्नच नव्हता. घरात काका, काकू, शेजारचे दोघंतिघं. विद्युतदाहिनीची वेळ साडेबाराची मिळाली, पुढची थेट दुसऱ्या दिवशीची. घरून बाराला निघावं लागणार होतं. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "तू यातलाच माणूस. दादा किती वाजता उतरतोय?" मी म्हणालो, "अकरा चाळीस छापलंय." हे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. उतरेल असं मी म्हणालो नाही, छापलंय म्हणालो. काकांनी बोटांवर हिशेब केला. अकरा चाळीस, बॅग घेऊन बाहेर पडायला अर्धा तास, पुढे रस्त्याला पन्नास मिनिटं, म्हणजे एक वाजणार. "मग नाही जमायचं," काका म्हणाले. आई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "थांबता येणार नाही का?" आणि माझ्याकडे बघितलं. काकांकडे नाही, माझ्याकडे. मला माहीत होतं की विमान दहा पन्नासच्या आसपास दार उघडणार. मला माहीत होतं की दादा बारा दहाला दारात असू शकतो, दहा मिनिटं थांबायचं होतं फक्त. मी म्हणालो, "तिकिटावरची वेळ हीच आहे." बाराला आम्ही बाबांना घेऊन निघालो. आई घरी थांबली.

आता यातलं मला काय कळत नाही ते सांगतो. मला हे त्या क्षणी खरंच माहीत होतं का? माहीत असणं म्हणजे काय? दिवसभर ज्या आकड्यांवर बसायचं ते घरी बाप गेल्यावर आठवतातच असं आहे का? रात्रभर जागलेला माणूस तोंडात येईल ते बोलतो, आणि माझ्या तोंडात सवयीनं छापील वेळ आली, असं मी मला पुष्कळदा सांगून बघितलं. ते काही दिवस पुरतं. मग मधेच बाबांचे शेवटचे महिने आठवतात. त्यांना मी उचलायचो, पुसायचो, भरवायचो, आणि घास गिळून झाला की ते विचारायचे, "तो आला का?" रोज. मला राग यायचा. त्यांचा यायचा, दादाचा यायचा, आणि सगळ्यांत जास्त माझाच, कारण मी तोंड पुसून म्हणायचो, "येईल हं." तो राग त्या सकाळी माझ्या जिभेवर बसला होता की काय? की मला फक्त एकदा, एकच गोष्ट दादाशिवाय व्हायला हवी होती? धडपणे हो म्हणवत नाही, नाही म्हणवत नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण चोराला निदान आपण चोर आहोत एवढं तरी पक्कं ठाऊक असतं.

आणि यापुढे खरी गोम आहे. आम्ही सगळं आटोपून घरी आलो तेव्हा दादा बाबांच्या खुर्चीत बसला होता, पायात बूट तसेच. "थोडक्यात हुकलं," एवढंच तो म्हणाला. आई म्हणाली, "तू सांगितलंस तसाच आला बघ. एक वाजून पाच मिनिटं झाली होती." तिनं हे मला बरं वाटावं म्हणून सांगितलं, आणि मला खरंच फार बरं वाटलं. विमानाला त्या दिवशी वेळ लागला असणार, माझी पन्नास मिनिटं कामी आली असणार, मी खोटं बोललोच नव्हतो. चार दिवसांनी कामावर गेलो आणि पहिलं काम म्हणून त्या दिवसाची नोंद उघडली. दार उघडल्याची वेळ दहा अठ्ठेचाळीस. मी ती नोंद किती वेळा वाचली असेल कोण जाणे. विमान लवकर आलं होतं, दादा मात्र छापील वेळेप्रमाणे घरी आला होता. मधली पन्नास मिनिटं गेली कुठे? बॅग हरवली असेल? रस्ता बंद असेल? विचारावं तर तो म्हणणार, तुला कसं कळलं विमान लवकर आलं ते? आणि मग पुढचा प्रश्न. म्हणून अकरा वर्षं मी गुळणी धरून बसलो. फोनवर आम्ही हवेबद्दल बोलतो, त्याच्या गुडघ्याबद्दल बोलतो, वाऱ्याबद्दलसुद्धा बोलतो.

आज सकाळी आई गॅलरीजवळच्या खुर्चीत बसून तिकडे न्यायच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी बूट चढवत होतो. डोक्यात कालचं सात हजार दोनशे बारा होतं, आणि हा सुटलेला आकडा कुठे बसवावा या नादात मी म्हणून गेलो, "निघतो. दहा पन्नासला उतरेल तो." आई म्हणाली, "त्यानं तर मला अकरा चाळीस सांगितलं." मी म्हटलं, "तसं छापलेलं असतं. येतं आधीच." बोललो, आणि मग आपण काय बोललो ते माझं मला ऐकू आलं. आईच्या हातात निळा स्वेटर होता, एक बाही दुमडलेली, एक लोंबत असलेली. "नेहमी?" तिनं विचारलं. मला अजूनही थाप मारता आली असती. सतरा वर्षं वेळ फुगवून पोट भरणाऱ्या माणसाला दोन शब्द फुगवायला काय लागतं? "नेहमीच," मी म्हणालो. तिनं दुसरी बाही दुमडली, स्वेटर बॅगेत ठेवला, परत काढला, परत त्याच घडीवर घडी घातली. ती माझ्याकडे बघेल म्हणून मी दारात उभा राहिलो, आणि ती बघत नाही म्हणून निघालो. जिना उतरताना मी तेच घोळवत होतो. तिला कळलं की नाही कळलं? ती हिशेबाला कच्ची आहे, पण ती माझी आई आहे.

आमच्या जुन्या घरालाही असाच जिना होता, तिसऱ्या मजल्यापर्यंत अंधारा. हे मला विमानतळाच्या वाटेवर का आठवलं ते माहीत नाही. दादा तेव्हा चौदापंधरा वर्षांचा असेल. खेळायला जाताना बाबांना सांगून जायचा, सातला येतो, आणि सातच्या ठोक्याला दार वाजायचं. बाबा माझ्याकडे बघून म्हणायचे, शीक काहीतरी. एकदा मी पावणेसातला दूध आणायला उतरलो तर हा दुसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर बसलेला, बूट काढून शेजारी ठेवलेले. मी विचारलं, "वर का नाही येत?" तो म्हणाला, "सातला सांगितलंय ना. आधी गेलं की बोलणी आधी सुरू होतात. जा तू, कुणाला बोलू नकोस." मी बोललो नाही. गप्प बसायचं हे काम मी तेव्हापासून करतो आहे.

फलकावर होतं, उतरलं दहा सेहेचाळीस. मी कठड्याशी उभा राहिलो. त्या विमानातली माणसं अकराच्या सुमाराला बाहेर यायला लागली. बॅगेवरच्या चिठ्ठ्या मला लांबूनही वाचता येतात, त्याच विमानाच्या होत्या. एक बाई झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन आली, दोन म्हातारे भांडत आले, एक टोळकं गळ्यात पडापड करत गेलं. सव्वाअकराला ओघ थांबला. दादा नव्हता. त्याचं विमान चुकलं असेल असं वाटलं आणि त्याबरोबर थोडं हलकं वाटलं, मग हलकं वाटल्याची लाज वाटली. फोन लावायला खिशात हात घातला तर हाताला कंपनीचा पास लागला. तो दाखवून मी आत गेलो. बॅगांचा पट्टा थांबला होता आणि सफाईवाला त्याच्या कडेनं फडकं मारत चालला होता. त्याच्या पलीकडे भिंतीला लागून बाकांची रांग, आणि शेवटच्या बाकावर दादा. डोक्यावर मागच्या बाजूला टक्कल पडलं होतं, बाबांना पडलं होतं अगदी तिथेच. बॅग गुडघ्यांशी उभी होती. बूट काढून शेजारी, टाचेला टाच लावून ठेवलेले. आणि तो समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसला होता.

मी जाऊन त्याच्या शेजारी बसलो. तो दचकला. "तू आत कसा?"

"पास आहे."

"विमान जरा लवकरच आलं," तो म्हणाला, खिशातली चोरी सापडल्यासारखा हसत. "म्हटलं, तू अकरा चाळीसला येशील. उगाच बाहेर जाऊन काय करायचं."

"लवकर नाही आलं. त्याची वेळच दहा पन्नास आहे. रोजची."

"तिकिटावर अकरा चाळीस आहे."

"ते मी लिहितो."

सफाईवाला आमच्यापाशी आला, आम्ही पाय वर उचलले, तो खालून पुसून पुढे गेला. दादाचा मोजा अंगठ्याशी विरला होता. तो त्या अंगठ्याकडे बघत होता.

"तेव्हासुद्धा?" त्यानं विचारलं.

"तेव्हा दहा अठ्ठेचाळीस."

"घड्याळ तेव्हा त्या खांबावर होतं," दादा म्हणाला. "मी इथेच बसलो होतो. बाकं लाकडी होती. मला वाटलं, अकरा चाळीसपर्यंत तर माझी कुणी वाट बघत नाही. तेवढा वेळ माझा आहे. बाबा आहेत की गेले हे तेवढ्यापुरतं मला कळायला नको होतं. मग अकरा चाळीस झाले आणि उठलो. बॅग तोवर पट्ट्यावरून उतरवून कुठेतरी ठेवली होती, ती शोधण्यात अर्धा तास गेला."

अकरा वर्षं मी जी पन्नास मिनिटं शोधत होतो ती या बाकावर बूट काढून बसलेली होती. मला हायसं वाटायला हवं होतं. मी सांगितलं असतं आणि आम्ही थांबलो असतो, तरी बारा दहाला हा आलाच नसता. आम्ही वाट बघून बघून निघालोच असतो. म्हणजे मी गप्प बसलो त्यानं काही बिघडलं नाही. पण आम्ही थांबलोय हे याला कुणी कळवलं असतं तर हा इथे बसला असता का? आणि हा इथे बसणारच, हे कळलं असतं तर मी तरी गप्प बसलो असतो का? गुंता सुटला म्हणावं तर हातात दोन टोकं आणि दोन्ही माझ्याच बाजूची.

"मला माहीत होतं," मी म्हणालो. "काकांनी विचारलं तेव्हा. आईनं विचारलं तेव्हा. विमान आधी येतं हे मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही."

"का रे?" त्यानं विचारलं. चिडून नाही. पूर्वी पलंगाची लांबी विचारायचा तसं.

"मला खरंच माहीत नाही, दादा."

त्यानं मान हलवली. तेवढ्यात माझा फोन वाजला. आई होती. तिचा आवाज नेहमीच मोठा, फोनमध्ये तर आणखी मोठा, दादाला ऐकू जात असणार.

"उतरला का तो?"

"उतरला."

"कधी?"

मी दादाकडे बघितलं. त्यानं एका बुटात पाय घातला होता आणि नाडी हातात धरून तो थांबला होता.

"दहा सेहेचाळीसला," मी म्हणालो.

आई म्हणाली, "आता साडेअकरा होऊन गेले. मग इतका वेळ काय करत होतात रे दोघं?"

दादानं नाडीची गाठ मारली, ती सुटली, त्यानं परत मारली.

"बरं, या," आई म्हणाली. "धावत येऊ नका. मी थांबलेय."